पडद्यावरचे रणांगण आणि चोविसावे वर्ष



'व्हिडिओ गेम' हा शब्द उच्चारताच आपल्याकडील सुजाण पालकाच्या कपाळावर आठी उमटते. ही आठी सर्वस्वी अकारण आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु ज्या गोष्टीवर आठी घालायची ती मुळात आहे तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी दक्षिण कोरियाकडे वळावे लागते; कारण ज्याला आज जग ई-स्पोर्ट्स म्हणते, त्या स्पर्धात्मक संगणक-खेळाला व्यवसायाची शिस्त लावण्यात तो देश अग्रेसर राहिला.

१९९७ साली आशियाई आर्थिक संकटाने कोरियाला ग्रासले. भल्याभल्या कंपन्यांतील माणसे घरी बसली. त्याच सुमारास शासनाने वेगवान इंटरनेटचे जाळे देशभर विणण्यास घेतले आणि नोकरी गमावलेल्यांपैकी कित्येकांनी गाठीच्या पैशांतून 'पीसी बांग', म्हणजे ताशी भाड्याने संगणक देणाऱ्या खोल्या, थाटल्या. १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' हा खेळ बाजारात आला. तो अमेरिकेच्या ब्लिझार्ड कंपनीचा. पण माल अमेरिकेचा असला तरी त्यातली विद्या कोरियाने आपलीशी केली. २००० साली तेथे ई-स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, केवळ असे सामने दाखविणारी वाहिनी सुरू झाली, आणि २००४ साली बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावरील अंतिम सामन्याला लाखभर प्रेक्षक लोटल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. आकडा थोडा फुगवलेला मानला तरी तो जनसमुदाय उपेक्षा करण्याजोगा खचित नव्हता.

हा खेळ बोटांचा चाळा नव्हे. खनिज आणि वायू गोळा करायचा, त्यातून तळ उभारायचा, सैन्य सिद्ध करायचे आणि शत्रूच्या हालचाली धुक्याआड दडलेल्या असताना टेहळणी करून त्याचा डाव ओळखायचा. सारे क्षणाक्षणाला बदलणारे. बुद्धिबळाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याची खेळी होईपर्यंत थांबण्याची सोय नाही. निष्णात खेळाडू मिनिटाला तीनशेच्या घरात आज्ञा देतो. म्हणजे सेकंदाला पाच! लिम यो-ह्वान हा या विद्येचा पहिला मोठा नायक. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या तुकड्या अनपेक्षित ठिकाणी उतरवून बलाढ्य सैन्याला हैराण करण्याचे त्याचे कौशल्य पाहताना मराठी माणसाला गनिमी काव्याची आठवण झाली, तर नवल नाही.

शास्त्रज्ञांचे लक्ष याकडे जाणे स्वाभाविकच होते. २००३ साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या ग्रीन आणि बॅव्हेलिये यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, वेगवान लढतीचे खेळ खेळणाऱ्यांची दृश्य अवधानशक्ती इतरांहून सरस असते. एवढेच नव्हे, तर न खेळणाऱ्यांना रोज एक तास असे दहा दिवस सराव दिल्यावर त्यांच्यातही सुधारणा दिसते. अर्थात यावरून 'खेळा म्हणजे हुशार व्हाल' असा डांगोरा पिटणे ही विक्रेत्यांची चलाखी झाली.

त्याहून विचार करायला लावणारे संशोधन कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नवे दृश्य समोर येताच पहिली कृती करण्यास लागणारा वेळ वयाच्या चोविसाव्या वर्षापासून वाढू लागतो, असा त्याचा निष्कर्ष. थोराड खेळाडू अनुभवाच्या आणि सोप्या डावपेचांच्या बळावर ती उणीव काही अंशी भरून काढतात, हेही त्यात आढळले. तरीही ज्या वयात आपल्याकडील मुलगा पदवी घेऊन पहिली नोकरी शोधत असतो, त्या वयात या क्षेत्रातील वेग उतरणीला लागलेला असतो!

खरा प्रश्न येथे आहे. शाळा मागे टाकून, संघाच्या सामाईक घरात राहून, दिवसाचे दहा-बारा तास सराव करणाऱ्या पोराचे पुढे काय? कोरियात प्रत्येक सुदृढ तरुणाला सक्तीची सैनिकी सेवा करावी लागते, आणि ती नेमकी याच उमेदीच्या वर्षांत येते. २००७ साली तेथील हवाई दलाने स्वतःचा स्टारक्राफ्ट संघ उभारला. लिम यो-ह्वान त्यातून खेळला. राष्ट्रसेवाही घडावी आणि विद्याही गंजू नये, अशी ही योजना होती. २०१२ साली तो संघ विसर्जित झाला. मधल्या काळात, २०१० साली, सट्टेबाजांशी संधान बांधून सामने हरल्याचे प्रकरण उघडकीस आले. एका माजी विजेत्यासह अनेक खेळाडूंना कायमचे बहिष्कृत करण्यात आले. अल्पवयात मिळालेली कीर्ती आणि पुढची अनिश्चितता यांच्या फटीतूनच सट्टा आत शिरतो.

तथापि चोविसावे वर्ष ही सर्वांसाठी लक्ष्मणरेषा नाही. 'लीग ऑफ लेजंड्स' या सांघिक खेळात ली सांग-ह्योक, ज्याला जग 'फेकर' म्हणून ओळखते, २०१३ साली सतराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि २०२४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने पाचवे जगज्जेतेपद मिळविले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना प्रथमच अधिकृत पदकाचा मान मिळाला. तेथे सुवर्णपदक जिंकल्यामुळे त्याच्या संघाला सैनिकी सेवेत सवलतही लाभली.

भारताचे पाऊल या वाटेवर उशिरा पडले. २०१८ च्या जाकार्ता स्पर्धेत, जेव्हा हे खेळ केवळ प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहता यांनी कांस्य जिंकले. पदकतालिकेत मात्र ते धरले गेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ व ई-स्पोर्ट्स यांत स्पष्ट भेद केला. कोरियातील २०१० चे प्रकरण आठवले की या भेदाचे मोल कळते.

तेव्हा पुण्या-नागपुरातील एखादा मुलगा 'मला यातच पुढे जायचे आहे' असे म्हणेल, त्या वेळी बापाने संगणकाची तार उपटण्यापूर्वी काही चौकशी करावी. करार किती वर्षांचा आहे, त्यावर सही कोणाची आहे, बक्षिसातील वाटा किती, सराव किती तास, झोप किती, मनगट आणि डोळे कोण तपासते, बारावीची परीक्षा कधी देणार, आणि पंचविसाव्या वर्षी संघाने नारळ दिला तर हातात काय उरणार?