बोर्डावरचा नंबर कुणाचा?

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, नाहीतर रूमवर भांडी घासत ऐकत असाल, आजचा भाग जरा लक्ष देऊन ऐका. कुठला शेअर घ्यायचा हे मी आज सांगणार नाहीये. जो माणूस "हा शेअर घ्या" म्हणतो, त्याची कुंडली कशी काढायची ते सांगणार आहे. पत्रकार काढतात तशी.

तर झालं असं. माझी कॉलेजची मैत्रीण एका जिल्हा दैनिकात बातमीदार आहे. एका रविवारी तिचा फोन. "अरे, इथे मंगल कार्यालयात शेअर मार्केटचा सेमिनार झाला. दोनशे तरी माणसं असतील. निवृत्त शिक्षक, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सल्लागार म्हणतोय, महिन्याला चार टक्के पक्के. बॅनरवर सेबीचा नंबर पण आहे. तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा."

मी काय केलं? गुगलवर त्याचं नाव टाकलं. दहा मिनिटांत त्याच नावाच्या माणसाविरुद्धचा सेबीचा एक जुना आदेश सापडला. मी लगेच मेसेज टाकला, "सापडला! छाप."

तिचा एकच प्रश्न आला. "हा तोच कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदेशाची पीडीएफ मग नीट वाचली. नाव-आडनाव तेच, पण मधलं वडिलांचं नाव वेगळं. शहर वेगळं. आणि आदेशातले व्यवहार झाले तेव्हा आपला हा सल्लागार शाळेत असणार. ते छापलं असतं तर अब्रूनुकसानीची नोटीस आलीच असती, वर तो गावभर सांगत फिरला असता की "बघा, पेपरवाले खोटं छापतात." खरी गोष्ट तिथेच गाडली गेली असती.

तेव्हा पहिला धडा. नावावर जाऊ नका, नंबरवर जा. आमच्या भाषेत सांगायचं तर नाव ही प्रायमरी की नसते. एका नावाची पन्नास माणसं असतात, नोंदणी क्रमांक मात्र एकाचाच.

आता हा नंबर वाचायचा कसा? सेबीचा क्रमांक म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे नऊ आकडे. आयएनझेड असेल तर स्टॉक ब्रोकर. आयएनए म्हणजे गुंतवणूक सल्लागार. आयएनएच म्हणजे रिसर्च अॅनालिस्ट. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे अॅम्फीचा एआरएन क्रमांक असतो; तो वितरक झाला, सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, कारण एआरएन दाखवून शेअरच्या टिप्स विकणारे भेटतात. भिंतीवर एनआयएसएमचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं, ते परीक्षा पास झाल्याचं असतं. उद्यम प्रमाणपत्र तर पापडाच्या धंद्यालाही मिळतं. दोन्हीपैकी एकही सेबीची नोंदणी नाही.

सेबीच्या वेबसाइटवर मध्यस्थांची यादी आहे. तिथे नंबर टाकला की नाव, पत्ता, ईमेल, संपर्काची व्यक्ती आणि नोंदणीची मुदत दिसते. आम्ही बॅनरवरचा नंबर टाकला. नंबर खरा निघाला! पण तो दुसऱ्याच शहरातल्या एका सल्लागार बाईंचा होता.

इथे मैत्रिणीने एक गोष्ट केली जी मला सुचली नसती. तिने बॅनरवरच्या मोबाइलवर फोन केला नाही. सेबीच्या यादीतल्या फोनवर केला. त्या बाईंना पत्ताच नव्हता की आपला नंबर कुणी बॅनरवर छापलाय.

पण मंडळी, नोंदणी सापडली म्हणजे काम संपलं असं नाही. कार्व्ही आठवतंय? रीतसर नोंदणी असलेला, देशभर शाखा असलेला ब्रोकर. 22 नोव्हेंबर 2019 ला सेबीने अंतरिम आदेश काढला, कारण ग्राहकांचे शेअर्स स्वतःच्या डीमॅट खात्यात वळवून ते गहाण टाकले होते. वर्षभराने एनएसईने त्याला डिफॉल्टर ठरवून काढून टाकलं. एप्रिल 2023 मध्ये सेबीने बाजारात सात वर्षांची बंदी घातली. म्हणजे लायसन्स आहे की नाही हा पहिला प्रश्न झाला. लायसन्स असताना माणसाने काय केलं, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चार-पाच ठिकाणी विखुरलेलं असतं. अमेरिकेत फिनराचं ब्रोकरचेक आहे. तिथे ब्रोकरच्या नावाने शोधलं की आधीच्या नोकऱ्या, तक्रारी, शिस्तभंगाची कारवाई एका पानावर दिसते. आपल्याकडे दारोदार फिरावं लागतं. सेबीच्या साइटवर एन्फोर्समेंटखाली आदेश बघा. एनएसई, बीएसईच्या साइटवर काढून टाकलेल्या आणि डिफॉल्टर ब्रोकरांच्या याद्या बघा. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालक कोण ते बघा. प्रत्येक संचालकाला डीआयएन नंबर असतो, त्यावरून तो आणखी कुठल्या कंपन्यांत बसलाय ते कळतं. पाटी बदलते, डीआयएन बदलत नाही. आणि शेवटी ई-कोर्ट्सवर खटले.

आदेश वाचताना घाई नको. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. सेटलमेंट आदेशात माणूस आरोप मान्य न करता, न नाकारता पैसे भरून प्रकरण मिटवू शकतो, त्याला "दोषी ठरला" लिहिता येत नाही. सेबीच्या आदेशावर सिक्युरिटीज अपिलेट ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सॅटमध्ये अपील होतं. तिथे आदेश फिरलाय का हे न बघता बातमी केली तर ती अर्धीच.

आता "आम्ही सल्ला देत नाही, शिकवतो" म्हणणारे. ऑक्टोबर 2023 मध्ये सेबीने 'बाप ऑफ चार्ट' प्रकरणात अंतरिम आदेश दिला, 17.2 कोटी रुपये जमा करायला सांगितले. म्हणणं हे की शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला दिला जात होता. म्हणून क्लासची जाहिरात वाचून थांबू नका, टेलिग्राम ग्रुपवर प्रत्यक्ष काय पाठवलं जातं ते बघा. 'घ्या', 'विका', टार्गेट, स्टॉपलॉस. स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट, कारण पोस्ट उडवायला दोन सेकंद लागतात. आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात ते बघा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं, तोही एक पुरावाच आहे.

आता आमच्या सल्लागाराकडे परत येऊ. मैत्रिणीने त्याला लेखी प्रश्न पाठवले, दोन दिवसांची मुदत दिली. उत्तर आलं, "छपाईची चूक." मग बातमी आली. त्यात 'फसवणूक' हा शब्द कुठेच नव्हता. तीनच गोष्टी होत्या: बॅनरवरचा क्रमांक दुसऱ्या व्यक्तीचा आहे, अमुक तारखेला याच्या नावाने सेबीच्या यादीत नोंदणी सापडली नाही, आणि त्याचं म्हणणं. शेजारी एक छोटी चौकट: नोंदणीकृत सल्लागाराला ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. बस्स.

पुढचा सेमिनार झाला नाही. पण त्या संध्याकाळी तिला एका निवृत्त कंडक्टरांचा फोन आला. "ताई, बातमी वाचली. मी दीड लाख आधीच भरलेत हो." तिने त्यांना पोलिसांकडे पाठवलं, कारण सेबीची स्कोअर्स यंत्रणा नोंदणीकृत संस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. नोंदणीच नाही, तर तिथे दाद कुणाविरुद्ध मागणार? ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करायचा, तेवढं लक्षात ठेवा. काकांचे पैसे मी हे रेकॉर्ड करतोय तोपर्यंत परत आलेले नाहीत.

ती यादी तपासायला आम्हाला पाच मिनिटं लागली होती. त्या दोनशे माणसांत एकाच्या तरी घरी कुणी पोरगा-पोरगी असेल ना, आपल्यासारखी, दिवसभर फोन हातात असलेली?

तेव्हा आज एक काम करा. बाबा, काका, आत्या, ज्यांनी कुणाला पैसे दिलेत त्यांच्याकडून तो नंबर मागून घ्या आणि सेबीच्या साइटवर टाका. नाव जुळतंय का बघा. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. नाही जुळलं तर आरडाओरड करू नका. आधी यादीतल्या फोनवर फोन लावा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.