प्रबंध परत आला म्हणून शिक्षण संपत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी, वस्तीतील संशोधक विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीत आयुष्य काढलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो, ते रात्रपाळी करून आल्यावर विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. अशा माणसानं पीएच.डी.वर काय बोलावं? पण आमच्या हातून एक चूक झाली, ती सर्वांपुढे कबूल करावी म्हणून उभे आहोत.

आपल्या धाराशिवच्या या वस्तीतली एक मुलगी संशोधन करते. पाच वर्षं खपून तिनं प्रबंध दिला आणि परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. तिचे वडील आमच्याकडे सल्ल्याला आले. आम्ही म्हणालो, "आता पुरे झालं. वय चाललं लेकराचं. स्थळ बघा." ती दाराआड ऐकत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खोलीतला रात्रीचा दिवा लागेना.

पुढे जयंतीच्या भाषणासाठी आम्ही बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा काढलं, आणि आमचं आम्हालाच वाईट वाटलं.

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ च्या मे महिन्यात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. म्हणजे आधी जाणकारांपुढे वाचायचं, मग छापायचं. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२२ साली रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला! बाबासाहेबांचा प्रबंध! त्यांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला. १९२३ साली तो मान्य झाला, त्याच वर्षी ग्रंथही निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांनी, आणि तिच्यात आपले मतभेदही स्पष्ट सांगितले.

आमच्या खात्यात रिंग फ्रेमवर सूत तुटलं तर कुणी बॉबिन फेकून देत नाही. टोक शोधायचं आणि सांधायचं. हे आम्हाला हयातभर ठाऊक होतं, पण त्या लेकराच्या बाबतीत सुचलं नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. म्हणालो, "बाई, आमचं चुकलं." ती म्हणाली, "काका, त्यांनी नापास केलं नाही. दोन प्रकरणं नीट लिहा म्हणालेत. पण हे घरात समजून कोण घेणार?" मंडळी, प्रबंधापेक्षा हे एकटेपण जड आहे.

म्हणून पालकांना सांगणं आहे. घाई करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं दिलेली आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय बाळंतपणासाठी व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कायदा वेळ देतो आणि आपण देत नाही, हे बरं नव्हे. फेलोशिपचा हप्ता लांबला तर लेकराला बोल लावू नका.

आणि मुलांनो, तुम्हालाही चार गोष्टी. नेट-सेटची तयारी संशोधनाबरोबरच ठेवा. २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्याची किमान पात्रता तीच आहे. पैसे भरले की आठ दिवसांत लेख छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. असा लेख उद्या तुमच्याच अंगावर येतो. देशभरातले प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयाचे दहा तरी वाचा. मार्गदर्शकाशी मतभेद झाला तर अबोला धरू नका, पुरावा घेऊन जा. आणि लिहिलेलं दडवून ठेवू नका, कुणाला तरी दाखवा.

आता विहाराबद्दल. मागची खोली रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी उघडी राहील, किल्ली आमच्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका संशोधकानं आपलं एक प्रकरण आपल्या मराठीत आम्हाला समजावून सांगावं. आम्हाला समजेल तेवढं समजेल. जिथं समजणार नाही, तिथं आम्ही विचारू. कदाचित परीक्षकही तिथंच अडला असेल.

त्या मुलीचा प्रबंध अजून मान्य झालेला नाही. एक प्रकरण लिहून झालं, दुसरं चालू आहे. पण काल पाळीवरून येताना तिच्या खिडकीत दिवा दिसला. येत्या रविवारी पहिलं वाचन तिचंच आहे. सर्वांनी यावं.

नमो बुद्धाय! जयभीम!