सक्ती अलिखित, म्हणून सूटही अलिखित
(मोहाडी, जि. भंडारा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कामाच्या ठिकाणी लसीची सक्ती असावी काय, आणि असल्यास आजाराच्या किंवा धर्मश्रद्धेच्या कारणावरून कोणाला सूट असावी, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा आणि वकिलांचा वाटतो. मोहाडी तालुक्यात तो विचारला की लगेच त्याचे रूप बदलते. येथे वरठीला पोलादाचा कारखाना आहे. आंधळगावला आणि खुद्द मोहाडीत कोसा विणणारे हातमाग आहेत. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया आहेत, भातगिरण्यांतले हमाल आहेत, आणि शेजारच्या तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत. ‘कामाची जागा’ या एका शब्दात हे सारे बसते. परंतु यांपैकी कितीजणांना नियुक्तिपत्र मिळते? ज्याचे नाव हजेरीपटावर मुकादमाच्या मर्जीने चढते आणि उतरते, त्याला ‘सूट’ म्हणजे काय? तो सूट मागायला गेला तर दुसऱ्या दिवशी कामच नसते.

२०२१ सालचा अनुभव अजून कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी १६ जानेवारीला देशात कोविडच्या लसीकरणाला आरंभ झाला. त्याच्या एक आठवडा आधी, ९ जानेवारीच्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली होती. या दोन घटनांचा परस्परांशी वैद्यकीय संबंध नाही, हे खरे. तथापि ज्या सरकारी दवाखान्यात बाळे जळाली त्याच सरकारी दवाखान्याची सुई दंडात घ्यायला सांगितली, तेव्हा जिल्ह्यातील एखाद्या मजूर बाईने दोन पावले मागे घेतली असतील तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? तिच्या दारात उभी राहून तिची समजूत काढणारी आशा सेविका स्वतः मानधनावर राबत होती. १५ जून २०२१ पासून राज्यातील आशांना संपावर जावे लागले, ते याच लसीकरणाच्या धामधुमीत.

आता सक्तीचे पाहू. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की लस ऐच्छिक आहे, कोणालाही बळजबरीने टोचण्याची कल्पना मार्गदर्शक सूचनांत नाही, आणि कोणत्याही कामासाठी लसीचा दाखला केंद्राने बंधनकारक केलेला नाही. कागदावर हे अत्यंत उदार दिसते. प्रत्यक्षात काय चालले होते? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन मात्रा पूर्ण होऊन चौदा दिवस लोटलेल्यांनाच खुली झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ठाणे महानगरपालिकेने जाहीर केले की पहिली मात्रादेखील न घेतलेल्या कर्मचाऱ्याला पगार मिळणार नाही. त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात (आजचे छत्रपती संभाजीनगर) रेशन, गॅस आणि पेट्रोल यांसाठी किमान एका मात्रेचा दाखला मागण्याचा आदेश निघाला. सक्ती कायद्यात कोठेच नव्हती. ती पगारपत्रकात होती, रेल्वेच्या पासात होती, रेशनच्या दुकानाच्या दारात होती.

यातला खरा अन्याय अनेकांच्या ध्यानात येत नाही. कायद्याने सक्ती केली असती तर त्याच कायद्याला अपवादही लिहावे लागले असते. १८८० सालच्या, म्हणजे इंग्रजांच्या, देवीच्या लसीच्या कायद्यातसुद्धा मूल लस घेण्याच्या स्थितीत नसेल तर तसा दाखला देऊन लस पुढे ढकलण्याची तरतूद होती. परकी सत्तेने जे लिहून ठेवले ते स्वतंत्र देशातील महापालिकेच्या परिपत्रकाला लिहावेसे वाटले नाही, कारण परिपत्रक काढणाऱ्यांच्या मते सक्ती मुळी नव्हतीच! सक्ती अलिखित, म्हणून सूटही अलिखित.

लोकलच्या प्रकरणाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी केंद्राची मोफत लस २१ जून २०२१ पासून सुरू झाली. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमध्ये सरकारनेच किमान ८४ दिवसांचे अंतर ठरवून दिले होते. म्हणजे अगदी पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या तरुण कामगाराला दुसरी मात्रा १३ सप्टेंबरपूर्वी मिळणे अशक्य होते, आणि त्यापुढचे चौदा दिवस धरले तर लोकलचे दार त्याला २७ सप्टेंबरला उघडणार. ज्याने मे महिन्यातच खाजगी रुग्णालयात पैसे मोजले तो पुढे निघून गेला. पुढे जूनमध्ये खाजगी दराला मर्यादा घातली गेली तीही कोव्हिशील्डच्या एका मात्रेला ७८० रुपयांची. धारावीतल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या रोजंदारी मजुराने नियम मोडला नव्हता. तो नियम पाळत होता, म्हणूनच त्याची रोजी गेली. या आदेशांमागची कार्यपद्धती कायद्याला धरून नव्हती असे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुनावले. तोवर सहा महिने उलटून गेले होते.

वैद्यकीय सूट ही वस्तुतः वादाची गोष्ट नसावी. पहिल्या मात्रेनंतर ज्याला तीव्र ॲलर्जीचा झटका आला त्याला दुसरी द्यायची नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. परंतु २०२१ मध्ये वैद्यकीय सल्ला स्वतःच महिन्यामहिन्याला बदलत होता आणि त्यात काही गैर नव्हते. ज्ञान वाढत होते. आरंभी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना लस देऊ नये असे ठरले. १९ मे रोजी पाजणाऱ्या मातांना मुभा मिळाली, २ जुलै रोजी गरोदर स्त्रियांना. कोविड होऊन गेलेल्याने तीन महिने थांबावे, असेही मे महिन्यात ठरले. या प्रत्येक ठिकाणी ‘लस न घेणे’ हे आज्ञापालन होते. ठेकेदाराच्या वहीत मात्र दोनच रकाने असतात: घेतली, नाही घेतली. तिसरा रकाना, ‘थांबण्यास सांगितले आहे’, तेथे नसतो. वैद्यकीय सुटीचा सगळा प्रश्न या तिसऱ्या रकान्याचा आहे. तो दाखला देणार कोण, किती दिवसांत देणार, त्याची फी कोण भरणार, आणि दाखला मिळेपर्यंतचा रोज बुडाला तर तो कोण देणार? ॲलर्जीचे नेमके निदान करणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहसा नसतो. नागपूरला जाणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि वर प्रवासखर्च. श्रीमंताला दाखला मिळतो. गरिबाला संशय मिळतो.

धर्मश्रद्धेच्या सुटीचे प्रकरण निराळे आहे, आणि येथे समाजवादी कार्यकर्त्याने गुळमुळीत बोलून चालणार नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार मालकाला कामगाराच्या धर्मश्रद्धेची शक्य तेवढी सोय लावावी लागते. त्यामुळे तेथे कोविडच्या काळात धार्मिक सुटीच्या अर्जांचा पूर आला. इंग्लंडने नेमका उलटा मार्ग धरला: ११ नोव्हेंबर २०२१ पासून वृद्ध व अपंगांच्या शुश्रूषागृहांत काम करणाऱ्यांना लस बंधनकारक केली, सूट फक्त वैद्यकीय कारणावर ठेवली, आणि १५ मार्च २०२२ रोजी ते बंधन मागेही घेतले. भारताच्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य देणारा २५ वा अनुच्छेद सुरूच होतो तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्य हा शब्द घटनाकारांनी तेथे विचारपूर्वक ठेवला आहे.

धर्म म्हणजे लसीचा विरोध, हे समीकरणही तपासले पाहिजे. मराठी माणसाने रोगालाच देवी म्हटले आणि त्याच्या लसीलाही ‘देवी काढणे’ म्हटले. विदर्भात गावोगावी मातामायचे ठाणे आहे. तिला नारळ वाहून त्याच हाताने लेकराला देवी टोचून घेणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग पसरला असता हाफकिन यांनी १० जानेवारीला आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक बिथरलेले होते. त्या वेळी खोजा इस्माइली समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी अनुयायांच्या देखत लस टोचून घेतली आणि त्यांचा समाज पुढे आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिम वस्त्यांतला संकोच दूर करण्यासाठी सलमान खान यांची मदत घेण्याची घोषणा केली. सव्वाशे वर्षांत धर्मगुरूच्या जागी नट आला, याला प्रगती म्हणावे की काय, कोण जाणे! या वस्त्यांत संध्याकाळी कामावरून परतलेल्या यंत्रमाग कामगाराला लस कोठे मिळेल, हा प्रश्न मात्र त्या घोषणेत नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतील काही मुस्लिम मंडळींनी लसीत डुकराचे जिलेटिन आहे काय असे विचारले. जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचे रक्तद्रव असल्याची ओरड हिंदूंमध्ये झाली. सरकारने खुलासा केला की ते पेशी वाढविण्याच्या टप्प्यात वापरून धुऊन काढले जाते, तयार लसीत राहत नाही. दोन्ही शंका विचारण्याजोग्या होत्या आणि दोहोंना उत्तर होते. उत्तर देणे हे सरकारचे कर्तव्य. उत्तरानंतरही धर्माच्या नावाने सामुदायिक सूट मागणे हे मात्र मान्य करता येणार नाही. कारण तशी सूट व्यक्तीला मिळत नाही. ती तिच्या जमातीच्या पुढाऱ्याला मिळते, आणि मग ज्याला लस हवी आहे त्या कामगारावरच जमातीची सक्ती सुरू होते.

एकेका व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीची गोष्ट वेगळी. इंग्लंडने १८९८ मध्ये देवीच्या लसीच्या बाबतीत ती मान्य केली, पण आईबापांनी न्यायाधीशांसमोर जाऊन आपली खात्री पटवून द्यायची अशी अट घातली. श्रमिकाला दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत उभे राहावे लागे आणि न्यायाधीश त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेई. अखेर १९०७ मध्ये साध्या प्रतिज्ञापत्रावर ही सूट देण्यात आली. सूट असणे आणि ती गरिबाच्या हाती लागणे, यांत तेथे नऊ वर्षांचे अंतर पडले.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निर्णय दिला. न्या. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की अनुच्छेद २१ नुसार शरीरावरचा अधिकार व्यक्तीचा आहे आणि कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासनाला निर्बंध घालता येतील, परंतु ते प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्यापासून संसर्गाचा धोका अधिक आहे असे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवली नव्हती. म्हणून संसर्ग कमी असेपर्यंत असे निर्बंध राहू नयेत, आणि खाजगी संस्थांनीही आपले नियम तपासावेत, असे न्यायालयाने सुचवले. लसीकरणाचे धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही. लसीचे विरोधक हा निकाल अर्धाच वाचतात. कार्यकर्त्याने तो पूर्ण वाचावा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्याच न्यायालयात आणखी एक भूमिका घेतली. लसीनंतर मृत्यू झाल्याची तक्रार असलेल्या कुटुंबांना भरपाई देण्यास शासन बांधलेले नाही, कारण लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती. ज्याला मागायची त्याने दिवाणी न्यायालयात जावे. असे दुष्परिणाम फार विरळ होते आणि लसीने असंख्य प्राण वाचले, यात संशय नाही. पण पगार थांबेल म्हणून ज्याने लस घेतली त्याला ‘तू स्वेच्छेने घेतलीस’ असे सांगणे, ही कोणती स्वेच्छा?

म्हणून मागणी लसीच्या विरोधाची असू शकत नाही. पुढची साथ येण्यापूर्वी विधिमंडळात चर्चा होऊन कायदा व्हावा. कोणत्या कामाला कोणती लस आवश्यक हे त्यात लिहावे. रुग्ण, वृद्ध आणि बालके ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यासाठी बंधन कडक असावे, विणकराच्या किंवा विडीवालीच्या घरासाठी ते मुळीच नसावे. वैद्यकीय दाखला सरकारी दवाखान्यात विनामूल्य आणि मुदत घालून मिळावा. लस न घेणाऱ्याला दुसरे काम द्यावे, पण मजुरी आणि रेशन यांना हात लावू नये. लस घेण्याचा आणि त्यानंतरच्या तापाचा दिवस भरपगारी असावा. इजा झाली तर भरपाई मिळावी.

हे बोलताना एक अस्तित्वात असलेला नियम सहसा कोणाच्या ओठी येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार दवाखान्यातला कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वात यांची लस देण्याची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावर आहे. येथे सक्ती मालकावर आहे, आणि ती पाळली नाही म्हणून कोणा व्यवस्थापकाचा पगार थांबल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. कावीळ ब च्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात. मोहाडी तालुक्यातील सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत ठेकेदाराकडून आलेल्या किती सफाई कामगारांना त्या तिन्ही मिळाल्या, हे प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात विचारावे. उत्तर लेखी आणि नावनिशीवार मागावे. तोंडी विचारले तर ‘सगळ्यांना दिली आहे’ असेच सांगतात.