वजनकाट्याला न दिसणारी चरबी

'माझं वजन बेताचंच आहे, मला कशाला होतोय मधुमेह?' असं आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटतं. ही समजूत घातक ठरू शकते.

वजन प्रमाणात आहे का, हे बीएमआयवरून ठरवतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. तो 25 झाला की जादा वजन आणि 30 झाला की स्थूलपणा, असं जगभर मानतात. या मर्यादा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या माहितीवरून ठरल्या.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के!

या फरकाची मुळं आईच्या पोटातच रुजतात. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. तिथलं सरासरी वजन साडेतीन किलो, इथलं 2.7 किलो. आपली बाळं स्नायूंनी बारीक होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. पुढे चरबी पोटात, यकृतात साठते, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि मधुमेह, हृदयविकार लवकर गाठतात.

उलट, पॉलिनेशियन लोकांमध्ये तेवढ्याच बीएमआयला स्नायू जास्त आणि चरबी कमी आढळते. म्हणून सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी 23 पासूनच सावध व्हायला सांगितलं. भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये 23 पासून जादा वजन आणि 25 पासून स्थूलपणा मानावा, असं ठरवलं. म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसानं 64 किलोची वाट न पाहता 59 किलोलाच जागं व्हायला हवं.

आणि कंबर जरूर मोजा. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि आकडा पाहा. पुरुषांमध्ये 90 आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटिमीटर ही आपली मर्यादा. आकडा त्यापुढे गेला असेल, तर अंगानं सडपातळ असलात तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल, तर ही तपासणी अजिबात लांबणीवर टाकू नका.