खेळ संपल्यावरची कमाई
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला गुंतवणुकीवर बोलायला सांगितलंय. पण व्याजदर ऐकत कोण बसणार? म्हणून खेळाडूंच्या पैशावर बोलतो. बँकेत नोकरी झाल्यावर माझं एक मत झालंय. खेळाडूचं आणि आपल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं दुखणं एकच. पैसा येतो थोड्या दिवसांत आणि पुरवायचा असतो पुढे कितीतरी दिवस. खेळाडूने तर पस्तिशीपर्यंत कमवायचं आणि पुढची चाळीस वर्षं काढायची.

इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम मुलांना माहीत असेल. 2007 मध्ये तो अमेरिकेत खेळायला गेला. तेव्हा करारात एक कलम होतं, की पुढे अमेरिकन लीगमधला एक नवा संघ त्याला अडीच कोटी डॉलरला घेता येईल. खेळ त्याने 2013 मध्ये सोडला, दुसऱ्या वर्षी तो हक्क वापरला, आणि 2020 मध्ये त्याचा मायामीचा संघ मैदानात उतरला. मेस्सी नंतर तिथेच आला. आम्ही बँकवाले असं कलम दोनदा वाचतो. पगार सगळ्यांना दिसला, कलम कोणी पाहिलं नाही.

आपल्याकडे हे आधी ओळखलं ते सुनील गावसकरांनी. 1987 च्या विश्वचषकानंतर ते थांबले, पण 1985 सालीच त्यांनी प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप ही कंपनी काढली होती. खेळाडूंचे लेख निरनिराळ्या वर्तमानपत्रांना पुरवायचे, हा तिचा एक धंदा. ‘सनी डेज’ हे पुस्तक तर 1976 चं, म्हणजे ऐन खेळाच्या बहरातलं. पुढे टीव्हीवरचं समालोचन आलं, आणि आज पंचाहत्तरी उलटल्यावरही आवाज चालूच आहे. (आमच्या घरी सौ. म्हणतात, तुम्ही तर पासष्टीतच थकलात.) संदीप पाटलांनीही सिनेमात काम केलं, ‘एकच षटकार’चं संपादन केलं. प्रत्येकाला सगळंच जमतं असं नाही, पण नाव ताजं असतानाच दुसरं काम हाती घेतलेलं बरं. नावाच्या ठेवीलाही मुदत असते.

अजित वाडेकरांचं मला जास्त कौतुक, ते आमच्या धंद्यातले म्हणूनही असेल. 1971 मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकून आलेला कप्तान स्टेट बँकेत नोकरी करत होता! त्या काळी खेळात पैसा नव्हता, म्हणून नोकरी हाच आधार.

तो आधार उशिरा मिळाला की काय होतं ते खाशाबा जाधवांकडे पाहून कळतं. 1952, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण पोलीस खात्यातली नोकरी मिळाली 1955 मध्ये. 1984 मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या अंगी गुण कमी होता का? तेव्हा कुस्तीगिराच्या नावाला बाजार नव्हता, एवढंच.

आता आपल्याबद्दल. या सोसायटीत निम्मी घरं पेन्शनरांची आहेत. निवृत्तीला एकरकमी पैसा येतो आणि त्याच आठवड्यात ज्यादा व्याज सांगणारा पाहुणा दारात उभा राहतो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत पैसे अडकलेली माणसं तुम्हीही पाहिली आहेत. तेव्हा विचारायचं, मुद्दल कोणाच्या ताब्यात राहणार?

दुसरं आया-बापांना. पोरगा क्रिकेट, कबड्डी, फुटबॉलच्या मागे लागलाय? लागू द्या. फक्त खेळत असतानाच पदवी पूर्ण करू द्या, दोन भाषांत नीट बोलता येऊ द्या. मायक्रोफोन हाती आला की तेच उपयोगी पडतं.

कोणाला मुदतठेवीचे कागद दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. चहा आमच्याकडे.