गंगेकाठची प्रक्रिया आणि तिचे गणित

वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी होते. अस्सी आणि वरुणा यांच्या दरम्यानच्या घाटांवर पहाटे स्नानास येणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने ती तीर्थ आहे. अभियंत्यापुढे मात्र त्याच काठावर एक निराळा प्रश्न उभा राहतो : नगराचे सांडपाणी नदीस मिळण्यापूर्वी शुद्ध कसे करावे? गंगा कृती योजनेचा प्रारंभ १४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते याच नगरात झाला. त्या योजनेखाली दीनापूर येथे दररोज ८ कोटी लिटर सांडपाणी हाताळणारे केंद्र उभे राहिले, आणि २०१८ मध्ये तेथेच १४ कोटी लिटर क्षमतेचे दुसरे केंद्र सुरू झाले. अशा केंद्राचे नियंत्रण प्रत्यक्षात आणण्यापूर्वी संगणकावर कसे पारखून पाहतात आणि ती पारख कोठे अपुरी पडते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

दीनापूरच्या पहिल्या केंद्राची पद्धत सक्रिय गाळाची. आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती १९१४ मध्ये मँचेस्टर येथे मांडली. मोठ्या टाकीतील सांडपाण्यात सतत हवा सोडावयाची. पाण्यातील जीवाणू त्या हवेतील प्राणवायूवर जगतात, घाण खातात आणि गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. हवा कमी पडली तर जीवाणू गुदमरतात. जास्त झाली तर वीज वाया जाते, आणि ही हानी लहान नव्हे, कारण अशा केंद्रातील सुमारे निम्मी वीज हवा भरण्यावरच खर्च होते. म्हणून पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर २ मिलिग्रॅमच्या आसपास राखण्याचा प्रयत्न असतो.

हवेची झडप थोडी उघडली की प्राणवायू तत्काळ वाढतो काय? तसे होत नाही. चुलीतील लाकूड मागे ओढले तरी उतू जाणारे दूध लगेच खाली बसत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. कारण घडले आणि परिणाम दिसला यांच्यामध्ये काही काळ जातो, आणि परिणामाचे मानही कारणाइतकेच असते असे नाही. कारणाचे परिणामात होणारे हे रूपांतर एकाच गणिती सूत्रात बांधले की त्याला ट्रान्स्फर फंक्शन किंवा संक्रमण फलन म्हणतात. साध्या प्रक्रियेच्या फलनात तीन अंक पुरतात. अंतिम परिणाम किती होईल हे पहिला अंक सांगतो. त्या परिणामास किती वेळ लागेल हे दुसरा, आणि आरंभी काहीच न घडता किती वेळ जाईल हे तिसरा.

एक कल्पित टाकी घेऊन हे अंक काढून पाहता येतील. तिच्यातील जीवाणू दर तासाला प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतात असे धरावे. पाणी ३० अंश सेल्सिअस असताना त्यात अधिकात अधिक सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. (२० अंशांवर हा आकडा ९ च्या पुढे जातो, बनारसचा मे महिना अभियंत्यास अनुकूल नाही.) पाण्यात प्राणवायूची तूट जितकी अधिक, तितका तो हवेतून वेगाने उतरतो. या वेगाचा गुणक ताशी ६ असेल, तर ५ मिलिग्रॅम तुटीला ताशी ३० मिलिग्रॅमची भरपाई होते आणि प्राणवायू २.५ वर स्थिर राहतो. गुणक ताशी ६ म्हणजे प्रक्रियेचा काल-स्थिरांक १० मिनिटे : बदल केल्यापासून १० मिनिटांत एकूण परिणामाचा सुमारे ६३ टक्के भाग पूर्ण होतो. मोजणारे उपकरण मिनिट-दोन मिनिटे मागे राहते, तो विलंब निराळा.

एवढे हाती आले की बाकीचे काम संगणक करतो. पूर्वी हेच काम विद्युत्‌दाबांच्या जोडणीने करणारे सदृश संगणक करीत. त्यापूर्वी झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेल्या ठोकताळ्यांवर नियंत्रक लावले जात, आणि अद्यापही पुष्कळ ठिकाणी लावले जातात. संगणकाच्या पडद्यावर झडप उघडावी, प्राणवायूची वक्ररेषा पाहावी, नियंत्रक उतावीळ ठरला तर त्याचे अंक बदलावे. जिवंत टाकीला धक्का न लावता दिवसभराचे प्रयोग काही क्षणांत उरकतात. परंतु पडद्यावरील रेषा नेहमीच सुबक असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने धातूची एक लहान पट्टी, ती तापविणारी तार आणि गार करणारा पंखा असे उपकरण विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केले. सायलॅब या मुक्त आज्ञावलीतून दूर बसूनही ते चालविता येते. तेथे मिळणारी रेषा खडबडीत असते, आणि शिक्षणाचा मोठा भाग त्या खडबडीतपणातच आहे.

कल्पित टाकीकडे परत यावे. हवेचा गुणक ६ वरून ७ केला, तर फलनाप्रमाणे प्राणवायू ०.८३ ने वाढावयास हवा; मूळ समीकरण मात्र ०.७१ इतकीच वाढ देते. फलन हे वक्ररेषेच्या एका बिंदूपाशी काढलेल्या सरळ रेषेसारखे असते, म्हणून लहान बदलांपुरतेच ते खरे. आता वीज गेली असे धरावे. गुणक एकदम शून्य होतो. जीवाणूंचा वापर मात्र ताशी ३० या वेगाने चालूच राहतो आणि २.५ मिलिग्रॅमचा साठा अवघ्या ५ मिनिटांत संपतो. नियंत्रक विजेच्या घटावर जागा असेल, तर त्याला केवळ तूट दिसते. ती तो मिनिटामागून मिनिट साठवीत जातो, आणि वीज परतताच झडप पूर्ण उघडून बसतो. खंड तासांचा असेल तर गाळ कुजू लागतो आणि जीवाणूंची घडी बसण्यास दिवस लागतात. यांपैकी काहीही त्या तीन अंकांत नव्हते.

वीरभद्र मिश्र (१९३८–२०१३) यांनी या उणिवेवर वर्षानुवर्षे बोट ठेवले. ते काशी हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि संकटमोचन मंदिराचे महंतही होते. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशनची स्थापना केली. घाटावर रोज स्नान करणारा हा अभियंता होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या आग्रहाचा अर्थ कळतो. वीज खंडित झाली की घाटांलगतचे पंप थांबतात आणि मैला थेट नदीत उतरतो; पुरातही पंप बंद ठेवावे लागतात. शिवाय सक्रिय गाळाची पद्धत प्राणवायूची मागणी घटविते, परंतु विष्ठेतील जंतूंचा पुरेसा नाश करीत नाही. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे असे जंतू ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० हून अधिक कदापि नसावेत, असा आपल्या देशातील दंडक आहे. प्राणवायूची रेषा पडद्यावर कितीही सरळ राहिली, तरी या आकड्याविषयी ती मौन पाळते.

मिश्र यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑसवाल्ड यांच्या तळ्यांच्या पद्धतीचा पुरस्कार केला. त्या तळ्यांत शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे विजेची गरज फार कमी होते. जागा मात्र पुष्कळ लागते. त्या तळ्याचेही समीकरण मांडता येते. त्यात हवेच्या गुणकाऐवजी सूर्यप्रकाश येतो, रात्री तो शून्य होतो, आणि ही रात्र रचनाकाराला पहिल्याच ओळीत लिहावी लागते. टाकीच्या समीकरणातही वीजखंड त्याच रीतीने लिहिता येतो : हवेचा गुणक अमुक मिनिटे शून्य ठेवावयाचा, वीज परतल्यावर नियंत्रकाने साठविलेली तूट पुसून टाकावयाची, आणि मग रेषा किती वेळात २ वर येते ते पाहावयाचे. यासाठी संगणकात दोन-चार ओळींची भर पुरते. वीज किती वेळा व किती वेळ जाते, हे मात्र केंद्रावरील नोंदवहीतूनच घ्यावे लागते.