खोली एक, उतारू दोन

धर्मशाळेतील एक उतारू सकाळी निघून गेला, की तीच खोली दुपारी येणाऱ्यास मिळते. त्यामुळे थोड्या खोल्यांत पुष्कळांची सोय होते. परंतु पहिल्याचे सामान बाहेर निघण्यापूर्वीच दुसऱ्यास आत घेतले तर? संगणकाच्या पोटात कधी कधी नेमका हाच घोटाळा होतो.

श्रोतेहो, माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. रूपांतरात काटकसर साधण्याची कला त्यातही होती. हे काम करणारा भाग तो ऑप्टिमायझर. पुढे १९६० साली अल्गोल भाषेने प्रोग्रॅमचे खंड पाडले. एका खंडात जन्मलेले चल त्या खंडापुरतेच ओळखले जावे, असा नियम झाला. हीच चलाची व्याप्ती.

ज्या दोन चलांच्या व्याप्ती एकमेकींत मिसळत नाहीत, त्यांस ऑप्टिमायझर स्मृतीतील एकच जागा आळीपाळीने देतो. हे रास्तच आहे. परंतु वेळ वाचविण्यासाठी तोच आज्ञांचा क्रमही बदलतो. पहिल्या चलाचे अखेरचे वाचन होण्यापूर्वीच दुसऱ्याचे लेखन घडले, की पहिल्याचे मूल्य पुसले जाते. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. उत्तर मात्र चुकते. लेखक बिचारा स्वतःच्याच ओळी तपासत बसतो, आणि ऑप्टिमायझर बंद करताच दोष अदृश्य होतो! अर्थात, पुष्कळदा अपराध लेखकाचाही असतो. व्याप्ती संपलेल्या चलाचा पत्ता त्याने जपून ठेवलेला असतो.

मग न्याय कसा करावा? अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सी भाषेतील वाटेल तसे प्रोग्रॅम यंत्राकडूनच रचवून घेतले, ते निरनिराळ्या कंपायलरांस दिले व उत्तरे ताडून पाहिली. तीन वर्षांत ३२५ हून अधिक अज्ञात दोष सापडले, असे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. झाव्हिए लरॉय यांच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये तयार झालेल्या कॉम्पसर्ट या कंपायलरची अचूकता मात्र गणिती सिद्धतेने पडताळलेली होती. त्याच्या सिद्ध झालेल्या मध्यभागात चुकीचे रूपांतर त्यांना एकही आढळले नाही.

काटकसर हा गुण खरा. पण खोली रिकामी झाली की नाही हे पाहिल्यावाचून किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे, ही काटकसर नव्हे.